सेकंडहँड सामानाला बसलेला धुराचा वास घालवायचा कसा, पहिल्यापासून सांगतो

सेकंडहँड कपाट, खुर्ची, पडदे, पुस्तकं असं काही घरी आणलं आणि आणताना मोकळ्या हवेत काहीच जाणवलं नव्हतं, पण खोलीत ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी दार उघडलं की सिगरेटचा शिळा वास अंगावर येतो, हा प्रकार खूप जणांच्या वाट्याला येतो. मग पहिलं काय केलं जातं तर स्प्रे मारला जातो, सुगंधी काहीतरी ठेवलं जातं, आणि चार दिवसांनी सुगंध उडून जातो आणि वास तिथल्या तिथे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण चांगल्या मजबूत वस्तू केवळ वासापायी लोक टाकून देतात, आणि थोडी मेहनत योग्य क्रमाने केली तर त्यातल्या बऱ्याचशा वाचतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. वास हवेत नसतो, वस्तूवर बसलेला एक थर असतो आणि तो थर हळूहळू वास सोडत राहतो. सिगरेटच्या धुरात वायू असतात आणि त्याच्यासोबत टारचे (तंबाखू जळून तयार होणारा चिकट पदार्थ) फार बारीक थेंब असतात, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. इतके बारीक असल्यामुळे ते लाकडाच्या रंध्रांत, कापडाच्या धाग्यांत, फोमच्या छिद्रांत आरामात शिरतात आणि चिकटून बसतात. वर्षानुवर्षं असं चालू राहिलं की पिवळट तपकिरी चिकट थर तयार होतो, त्यावर धूळ बसते, आणि थोडी उष्णता किंवा दमटपणा आला की त्यातले वास असलेले रेणू सुटून हवेत येतात. म्हणूनच थंड कोरड्या दिवशी वस्तू अगदी ठीक वाटते आणि उकाड्यात किंवा दमट हवेत तीच वस्तू नाक मुरडायला लावते.

हा फक्त वासाचा प्रश्नही नाही. या उरलेल्या थराला इंग्रजीत थर्डहँड स्मोक म्हणतात. २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीच्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेत असणाऱ्या नायट्रस ॲसिडशी रिॲक्ट होतं आणि त्यातून तंबाखूशी संबंधित नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं तयार होतात, त्यातली काही कॅन्सर करणारी मानली जातात. रांगणारं बाळ वस्तूंना हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. म्हणून बाळाची गादी, मऊ खेळणी, कार सीट असलं काही धुराच्या वासाचं असेल तर साफ करत बसूच नका, घेऊच नका. बाकी वस्तूंबद्दल बोलू.

घेण्याआधीच तपासा

सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाचते. ड्रॉवर असेल तर पूर्ण बाहेर काढा आणि मागच्या बाजूला, तळाला, जिथे पॉलिश नसतं तिथे नाक नेऊन वास घ्या, समोरून वास घेऊन काही कळत नाही कारण समोरचा भाग विकणाऱ्याने पुसलेला असतो. उशी किंवा सोफ्याची गादी असेल तर दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि आतली जी हवा बाहेर येते ती हुंगा, फोममध्ये वास मुरलाय की नाही ते लगेच समजतं. पुस्तक मधोमध उघडून शिवणीपाशी हुंगा.

दुसरी तपासणी म्हणजे पांढरा फडका. एक स्वच्छ पांढरा सुती कपडा कोमट पाण्यात आणि थेंबभर भांडी घासायच्या लिक्विडमध्ये भिजवून घट्ट पिळा आणि वस्तूच्या मागे कुठेतरी चार बोटं जागा पुसा. फडक्यावर करडं आलं तर ती धूळ आहे, पिवळट तपकिरी आणि जरा चिकट आलं तर बहुतेक टार आहे.

आणि नाकावर फार भरवसा ठेवू नका. कुठल्याही वासात काही मिनिटं उभं राहिलं की नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो, म्हणून मध्ये बाहेर जाऊन या आणि मग परत हुंगा, किंवा घरातल्या सिगरेट न ओढणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा. ओढणाऱ्याला हा वास फारसा कळत नाही, त्यामुळे विकणारा माणूस “अजिबात वास नाही” म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो.

काय काय लागेल

फार काही नाही. भांडी घासायचं लिक्विड, पांढरा व्हिनेगर (साधारण ५ टक्केवाला), धुण्याचा सोडा, खायचा सोडा, भरपूर सुती फडकी, हातमोजे, मास्क, जमलं तर हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, आणि ॲक्टिव्हेटेड चारकोल (वास धरून ठेवणारा खास कोळसा). हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, साधा व्हॅक्यूम मात्र बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीतच सोडतो, त्यामुळे साधाच असेल तर काम गॅलरीत किंवा अंगणात करा.

आता धोक्याचं, आणि हे अगदी मनापासून सांगतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन गॅस तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर एकत्र करू नका, ब्लीच आणि स्पिरिटही नाही. खरं तर धुराच्या वासाला ब्लीचची गरजच नाही, हा वास जंतूंचा नाही, त्यामुळे ब्लीचची बाटली बाहेर काढायचीच नाही असं ठरवलं की प्रश्न मिटला.

आणखी एक, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस आणायचा जो प्रकार सगळीकडे सांगतात त्यात काही दम नाही. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि खाली उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या वेळी वापरायचे.

पहिली पायरी: बाहेर काढा, उघडा, सुटं करा, कोरडंच साफ करा

वस्तू आणल्या आणल्या घरात ठेवू नका, आधी बाहेर किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत ठेवा. ड्रॉवर काढा, फळ्या काढा, गाद्यांचे अभ्रे काढा, दिव्याची शेड काढा, सोफ्याच्या किंवा खुर्चीच्या तळाला स्टेपल केलेलं काळं पातळ कापड असतं तेही काढून टाका, ते वर्षानुवर्षं धूर आणि धूळ धरून बसलेलं असतं आणि नवीन लावणं सोपं आहे. ड्रॉवरमध्ये चिकटवलेला जुना कागद असेल तर तो सगळ्यात आधी काढा, कित्येकदा अर्धा वास त्या कागदातच असतो.

मग कोरडी धूळ काढायची. पाणी नंतर. धूळ असताना ओला फडका मारला की तिचा चिखल होऊन रंध्रांत भरतो. व्हॅक्यूमच्या ब्रशवाल्या नळीने कोपरे, मागची बाजू, सांधे, सगळं ओढून घ्या. एवढं करून वस्तू दोन तीन दिवस वाऱ्यावर ठेवली तरी हलका वास असेल तर बराच कमी होतो. सोबत एक पंखा लावून ठेवा, हवा नुसती असून भागत नाही, ती फिरायला हवी.

दुसरी पायरी: थर धुवून काढा

सगळं यश या पायरीवर आहे आणि नेमकी हीच लोक टाळतात, कारण कष्टाची आहे. टार पाण्यात विरघळत नाही, त्याला साबण लागतो. निकोटिन स्वभावाने अल्कली आहे, त्यामुळे आम्लाशी त्याचं मीठ बनतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि हवेत उडत नाही, म्हणून व्हिनेगरचा उपयोग. तेव्हा क्रम असा ठेवायचा: आधी साबणाचं कोमट पाणी, मग साध्या पाण्याचा फडका, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, मग परत साधं पाणी, आणि लगेच कोरडं पुसून घ्यायचं. व्हिनेगरचा स्वतःचा वास येतो त्याची काळजी नको, सुकलं की तो जातो.

काच, स्टील, चिनी माती या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही, या वस्तूंत काही मुरत नाही, एकदा नीट घासून धुतल्या की झालं. फक्त संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असेल तर व्हिनेगर लावू नका, पॉलिश खातं, तिथे साबणावरच भागवा. प्लॅस्टिक थोडं हट्टी असतं, गरम साबणाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा, मग मऊ ब्रश, आणि खडबडीत प्लॅस्टिक असेल तर खायच्या सोड्याची पेस्ट लावून घासा. ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात.

उंच कपाट किंवा उभा पृष्ठभाग पुसताना खालून वर जा. वरून सुरू केलं तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या टारवर येतात आणि त्यांच्या रेघा पडतात, त्या मग निघता निघत नाहीत.

पाणी सारखं बदला. पहिल्या बादलीचं पाणी पाहता पाहता पिवळट तपकिरी होतं, ते पाणी परत वापरलं तर तुम्ही टार काढत नाही, पसरवताय. फडका घडी घालून घ्या, एक बाजू मळली की दुसरी, मग तिसरी, मग तो फडका धुवायला टाका. फडक्यावर रंग येणं बंद होईपर्यंत हे चालू ठेवायचं, तोच थांबायचा इशारा, नाक नाही.

लाकूड: इथे जरा थांबू

लाकडी सामानाचं गंमतशीर असं असतं की समोरचा पॉलिश केलेला भाग सहसा सोपा जातो आणि खरा वास असतो न पॉलिश केलेल्या भागात. एखादा ड्रॉवर हातात घेऊन बघा. समोरची फळी गुळगुळीत, पुसली की स्वच्छ. आतल्या बाजू कच्च्या लाकडाच्या, तळ पातळ प्लायचा, तोही कच्चा, आणि तळ ज्या खाचेत बसवलेला असतो तिथे काळपट चिकट रेघ साठलेली. ड्रॉवर ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्या, कपाटाची मागची प्लाय, फळ्यांच्या कापलेल्या कडा, हे सगळं कच्चं. कापलेल्या कडांनी तर लाकडाच्या नळ्याच उघड्या असतात, त्या जास्त ओढून घेतात. म्हणून मेहनत तिकडे लावा.

पॉलिश असलेल्या भागावर वर सांगितलेला क्रम चालतो, फक्त फडका ओला नाही, दमट हवा. न दिसणाऱ्या जागी आधी करून बघा. जुन्या फर्निचरवर लाखेचं पॉलिश असण्याची शक्यता असते, त्याला स्पिरिट लागलं की ते विरघळतं आणि चिकट होतं, त्यामुळे जुन्या वस्तूवर स्पिरिट नको.

कच्च्या भागावर पाणी कमीच वापरा, प्लाय फुगते. दमट फडक्याने व्हिनेगरचं पाणी एकदा फिरवा, एक दिवस पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, मग १२० नंबरच्या आणि त्यानंतर १८० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासा. वरचा मळका पापुद्रा निघाला की आतलं उजळ लाकूड दिसतं आणि वासात लगेच फरक पडतो. मास्क लावूनच घासा. वस्तूवर जुना ऑइल पेंट असेल तर मात्र कोरडं घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणं वाईट.

एवढं करूनही आत वास राहिला, आणि बरीच वर्षं धुरात राहिलेल्या लाकडात तो थोडा राहतोच, तर त्याला आत बंद करायचं. यासाठी लाखेसारखं काही नाही. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं लाखेचं पॉलिश किंवा तयार मिळणारा शेलॅकचा प्रायमर, दोन पातळ हात, पहिला सुकल्यावर दुसरा, आणि कच्चा भाग एकही सोडायचा नाही, कडा, खाचा, मागची प्लाय, तळाची खालची बाजू, सगळं. एक बाजू सोडली तर वास तिकडून येतो. पाण्यात मिसळायचा साधा रंग यासाठी चालत नाही, त्यातून वासही येतो आणि टारचे पिवळे डागही वर उमटतात. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस, मेणबत्ती, हीटर काही जवळ नको आणि खिडक्या उघड्या. आणि सील करायची घाई करू नका, आधी धुणं, सुकवणं, घासणं, मग सील. न धुतलेल्या चिकट थरावर पॉलिश धरत नाही.

बाहेरच्या बाजूला नंतर जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे फडके बोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळे पसरून बाहेर वाळवा, मग टाका.

कापड, पडदे, चादरी

धुता येणारं कापड सगळ्यात खात्रीने सुटतं. थेट मशीनमध्ये टाकू नका, आधी भिजवा. बादली किंवा टबमध्ये कापडाला झेपेल तितकं गरम पाणी, त्यात डिटर्जंट आणि मूठभर धुण्याचा सोडा, आणि काही तास किंवा रात्रभर. पाणी काळपट पिवळं झालं की ओतून द्या आणि परत नवीन पाण्यात भिजवा. जड पडद्यांना हे दोनदा तीनदा करावं लागतं. पांढरं किंवा पक्क्या रंगाचं सुती असेल तर ऑक्सिजन ब्लीच घाला, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, ते ४० अंशांच्या पुढच्या पाण्यात चांगलं काम करतं (हे क्लोरीनवालं ब्लीच नव्हे, दोन्ही वेगळे, डब्यावर नीट वाचा, आणि याच्यातही व्हिनेगर मिसळायचं नाही). मग मशीनमध्ये, भरगच्च न भरता, एक जादा रिन्स लावून, आणि त्या शेवटच्या रिन्समध्ये अर्धा कप व्हिनेगर. दर धुण्याला नको, काही वेळेपुरतं ठीक, कारण नेहमी वापरलं तर मशीनचं रबर खराब होऊ शकतं. फॅब्रिक सॉफ्टनर या सगळ्यात अजिबात नको, तो धाग्यावर स्वतःचा थर चढवतो आणि खालचा वास झाकून ठेवतो.

ओलं कापड सुकवण्याआधी हुंगा. वास असेल तर परत धुवा. ड्रायर किंवा इस्त्री वास पूर्ण गेल्याशिवाय नाही, उष्णतेने उरलेलं टार धाग्यात आणखी घट्ट बसतं. उन्हात आणि वाऱ्यावर वाळवा, फक्त गडद रंग उलटा करून, नाहीतर विटतो.

लोकर आणि रेशीम यांना सोडा, परकार्बोनेट, एन्झाइमवालं डिटर्जंट यातलं काहीच चालत नाही, धागा खराब होतो. सौम्य लिक्विड, जेमतेम कोमट पाणी, न पिळता दाबून पाणी काढायचं, आणि नाजूक असेल तर सरळ ड्रायक्लीन. त्याआधी आठवडाभर सावलीत वाऱ्यावर टांगून बघा, लोकरीचे कपडे बऱ्याचदा तेवढ्याने सुधारतात.

सोफा, गादी, फोम

इथे खरं ते सांगतो, फोम धुवून वास पूर्ण जात नाही. फोम म्हणजे आतपर्यंत उघडी छिद्रंच छिद्रं, धूर मध्यापर्यंत पोचलेला असतो, आणि आपण वरून जे काही करतो ते वरच्या बोटभर भागापुरतं. वाफेचं मशीन मारलं की पाणी आत जातं, सुकत नाही, आणि धुराच्या वासात बुरशीच्या वासाची भर पडते. म्हणून सोफ्याचा सांगाडा चांगला असेल तर फोम बदला, अभ्रे धुवा किंवा नवीन शिवा, आणि सांगाड्याच्या कच्च्या लाकडाला वर सांगितल्यासारखं सील करा. हे जास्त काम वाटतं पण प्रत्यक्षात अर्धवट उपाय महिनोन्महिने करत बसण्यापेक्षा कमी त्रासाचं आहे. वापरलेली गादी धुराच्या वासाची असेल तर नाहीच घ्यायची.

वास अगदी हलका असेल तर मात्र प्रयत्न करून बघायला हरकत नाही. व्हॅक्यूम, मग खायचा सोडा चाळणीने पातळ पसरून रात्रभर, मग परत व्हॅक्यूम, आणि असं दोन तीन वेळा. सोड्याची भुकटी फार बारीक असते, व्हॅक्यूमचा फिल्टर चोंदतो, प्रत्येक वेळी तो साफ करा. सतरंजी किंवा गालिच्यालाही हेच, फक्त तो उलटा करून मागच्या बाजूनेही व्हॅक्यूम फिरवा, आणि जाड गालिचा असेल तर घरी चिंब भिजवू नका, सुकायला इतका वेळ लागतो की मागचं तागाचं अस्तर डाग सोडतं.

खायच्या सोड्याबद्दल एक सांगायला हवं, त्याचा जेवढा गवगवा आहे तेवढं त्याच्याकडून होत नाही. आम्ल स्वभावाचे वास तो धरतो, पण चिकटलेला थर तो काढत नाही. धुतल्यानंतर उरलेल्या वासासाठी तो मदतनीस म्हणून ठीक, धुण्याऐवजी वापरला तर निराशाच.

चामडं

थोडक्यात. लेदर सोप किंवा अगदी सौम्य साबण, दमट फडका, मग पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर न दिसणाऱ्या जागी तपासून हलक्या हाताने, सावलीत सुकवणं आणि शेवटी लेदर कंडिशनर, नाहीतर चामडं कडक होऊन तडकतं. बॅग असेल तर अस्तर बाहेर ओढून ते वेगळं साफ करा, वास तिथेच जास्त असतो.

पुस्तकं आणि कागद

कागदाला पाणी नाही, व्हिनेगर नाही, स्प्रे नाही. आधी पुठ्ठा आणि पानांच्या तिन्ही कडा कोरड्या ड्राय क्लीनिंग स्पंजने (काजळी पुसायला वापरतात तो रबराचा) एकाच दिशेने पुसा, पुस्तक घट्ट बंद धरून, नाहीतर मळ पानांत जातो. चकचकीत लॅमिनेटेड कव्हर असेल तर त्यावर दमट फडका चालतो.

मग झाकण घट्ट बसणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी वाटीत ॲक्टिव्हेटेड चारकोल, पुस्तकं त्याच्यावर जाळीवर किंवा बाजूला उभी, पानं पंख्यासारखी थोडी उघडी राहतील अशी, चारकोल पुस्तकाला लागता कामा नये. झाकण लावून सावलीत कोरड्या जागी दोन आठवडे विसरून जा. मग काढून हुंगा, वेगळी पानं उघडून परत ठेवा. जाड पुस्तकाला महिना दीड महिना लागू शकतो, धीर धरायची तयारी हवी. उन्हात ठेवण्याचा मोह टाळा, कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, शिवणीची पिन किंवा सोनेरी अक्षरं असतील तर ठिणग्या उडतात.

ॲक्टिव्हेटेड चारकोल का, तर एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांची मिळून शेकडो चौरस मीटर जागा असते, चांगल्या प्रतीच्या चारकोलमध्ये हजाराच्याही पुढे, आणि वासाचे रेणू त्या जागेवर चिकटतात. शेगडीचा साधा कोळसा इतकं काम करत नाही, आणि लवकर पेटावा म्हणून रसायन लावलेला कोळसा तर स्वतःच वास मारतो. छोट्या खेळण्या, लाकडी पेट्या, दिव्याच्या शेड, चित्रांच्या फ्रेम अशा धुता न येणाऱ्या सगळ्या वस्तूंना हीच डब्याची पद्धत लागू होते.

विजेवर चालणारं सामान

पंखा, हीटर, कॉम्प्युटर, स्पीकर, या वस्तू हवा आत ओढतात त्यामुळे आत टार आणि धुळीचा चिकट लगदा साठतो आणि वस्तू तापली की वास जोरात येतो. प्लग काढा, पंख्याची पाती आणि जाळी काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण कोरडी झाल्याशिवाय लावू नका. फिल्टर असलेली कुठलीही वस्तू असेल तर फिल्टर धुवत बसू नका, नवीन घ्या. स्क्रीनला स्पिरिट किंवा व्हिनेगर लावू नका, कोटिंग जातं, स्क्रीनचा लिक्विड किंवा थोड्या पाण्याने दमट केलेला मायक्रोफायबर पुरे. मायक्रोवेव्ह आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरी कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आगीतून वाचलेलं सामान असेल तर

हे वेगळं आहे. यात काजळी असते, आणि काजळी ओल्या फडक्याने पुसली की ती कायमची माखते. आधी व्हॅक्यूमची नळी पृष्ठभागाला न टेकवता वरून फिरवा, मग कोरडा स्पंज एकाच दिशेने, घासायचं नाही, आणि त्यानंतरच साबण. आगीत पीव्हीसी जळलं असेल तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं आणि धातू काही दिवसांतच गंजू लागतात, म्हणून आगीतलं विजेचं सामान सेकंडहँड घेणं टाळलेलंच बरं.

ओझोनचं मशीन

भाड्याने किंवा विकत मिळतं, जाहिराती जोरदार असतात. माझं मत स्पष्ट आहे, घरात नको. ओझोन फुप्फुसांना अपाय करतो, रबर आणि इलॅस्टिक ठिसूळ करतो, आणि निकोटिनशी रिॲक्ट होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतो, म्हणजे एक वास गेला आणि दुसरं न दिसणारं काहीतरी आलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही माणसं राहतात तिथे ही मशीन वापरू नयेत असं सांगितलेलं आहे.

झालं की नाही ते कसं ओळखायचं

लहान वस्तू असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उबदार जागी चार पाच तास ठेवा, मग पिशवी नाकाशी नेऊन उघडा. कपाट असेल तर ड्रॉवर आणि दारं बंद करून रात्रभर सोडा आणि सकाळी बाहेरून फिरून आल्यावर लगेच उघडून हुंगा. दोन्ही वेळा सुगंधी काही जवळ नको.

वास आला तर कुठून येतोय ते शोधा, सगळं परत पहिल्यापासून करू नका. पांढऱ्या फडक्याची तपासणी परत करा, रंग आला तर धुणं राहिलंय, रंग येत नाही पण वास येतोय तर तो आत मुरलेला आहे, लाकूड असेल तर सील करा, कागद असेल तर डब्यात आणखी काही आठवडे, फोम असेल तर बदला. दोन वेळा नीट धुऊन, सुकवून, चारकोलमध्ये ठेवूनही कोंदट वास तसाच असेल आणि सील करण्यासारखी वस्तू नसेल तर ती सोडून द्या, आणि दुसऱ्या कुणाला देताना वास आहे हे स्पष्ट सांगून द्या.

पास झालेली वस्तू लगेच बेडरूममध्ये किंवा कपड्यांच्या कपाटाशेजारी ठेवू नका. पहिले काही आठवडे हवेशीर खोलीत राहू दे, ड्रॉवरमध्ये कपडे भरण्याआधी एक स्वच्छ सुती रुमाल चार दिवस आत ठेवून बघा, रुमालाला वास लागला नाही तर कपडे भरा. आणि हवा दमट झाली, उकाडा वाढला की परत एकदा हुंगून घ्या, राहिलेला वास अशाच दिवसांत बाहेर येतो.